आधी अर्ज कुणाचा, आधी नाव कुणाचं?

प्रश्न : मी आणि माझी धाकटी जाऊ २०१७ पासून घरी मसाले, भाजणी आणि मेतकूट करून विकतो. पुड्यांवर पहिल्या दिवसापासून एकच नाव आहे. धंदा वाढला तसा मुलगा म्हणाला, नावाचा ट्रेडमार्क करून घ्या, म्हणून एप्रिलमध्ये अर्ज केला. आता ‘ऑब्जेक्शन’ आलं आहे. एक-दोन अक्षरांचा फरक असलेल्या जवळजवळ त्याच नावासाठी नाशिकच्या एका फर्मने फेब्रुवारीतच अर्ज केला आहे, आणि आपला वापर २०२१ पासूनचा असं त्यात लिहिलं आहे. म्हणजे धंद्यात आम्ही चार वर्षांनी आधी, अर्जात दोन महिन्यांनी मागे. अशा वेळी सरकार कुणाचा नंबर आधी धरतं? आमचं नाव गेलं का?
– एक वाचक, सहकारनगर

उत्तर : नंबर नाशिकच्या अर्जाचा आधी धरला जाईल. नाव मात्र तुमचं गेलेलं नाही, आणि तुम्ही वेळेत हललात तर जाण्याचं कारणही दिसत नाही. ही दोन वाक्यं परस्परविरोधी वाटतील. पण आपल्याकडच्या ट्रेडमार्कच्या कायद्याचा गाभाच त्यात आहे. अर्जाच्या टेबलावर एक रांग असते आणि बाजारात दुसरी, हे लोकांना कुणी नीट सांगत नाही. मग तुमच्यासारखी कष्टाने नाव कमावलेली माणसं एका पत्राने खचतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी टेबलावरची रांग बघू. ट्रेडमार्क रजिस्ट्रीचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे. अहमदाबाद, चेन्नई, दिल्ली आणि कोलकाता इथे शाखा आहेत. पुण्याचे अर्ज मुंबईच्या हद्दीत येतात. आता बहुतेक अर्ज ऑनलाइनच होतात आणि भरल्याक्षणी त्यांना क्रमांक आणि तारीख मिळते. ती तारीख फार मोलाची. १९९९ च्या कायद्याचं कलम २३ सांगतं की नोंदणी मंजूर झाली की ती अर्जाच्या तारखेपासून झाली असं धरायचं. प्रमाणपत्र दोन वर्षांनी हातात पडलं तरी त्यावरची तारीख अर्जाचीच असते.

तुमचा अर्ज तपासायला घेतला की अधिकारी आधीच्या अर्जांत आणि नोंदींत त्याच्यासारखं काही आहे का ते शोधतो. कलम ११ मध्ये ‘आधीचा ट्रेडमार्क’ म्हणजे काय ते दिलं आहे. नोंद झालेलं चिन्ह तर त्यात येतंच, पण आधीच्या तारखेचा, अजून मंजूर न झालेला अर्जही येतो. नाशिकच्या फर्मचा अर्ज आज नुसता कागद असला, तरी तो तुमच्या आधीचा कागद आहे. अधिकाऱ्याने त्याकडे बोट दाखवलं, एवढंच झालं आहे. तुमचं म्हणणं खोटं आहे असा निवाडा त्याने केलेला नाही. २०१७ मध्ये पुण्यात कुणाच्या घरी भाजणी भाजली जात होती हे त्याला मुंबईत बसून कळणारही नाही. ते तुम्हीच त्याला सांगायचं असतं.

इथे शब्दांचा एक घोळ सोडवून घ्या, कारण तुमच्या पत्रातही तो आहे. वेबसाइटवर ‘ऑब्जेक्टेड’ असं दिसलं तर तो कार्यालयाचा आक्षेप असतो. ‘अपोज्ड’ दिसलं तर दुसऱ्या कुणा व्यक्तीने विरोध केलेला असतो. तुमच्या अर्जाला नाशिकच्या फर्मने विरोध केलेला नाही. तुमचा अर्ज आला आहे हे कदाचित त्यांना माहीतही नसेल.

आता दुसरी रांग, बाजारातली. आपला कायदा आधी अर्ज करणाऱ्याला मान देतो, पण आधी वापरणाऱ्याला त्याहून मोठा मान देतो. चीनमध्ये साधारणपणे जो आधी अर्ज करेल त्याचं पारडं जड असतं. आपण त्या वाटेने गेलो नाही. नाव हे गिऱ्हाइकाच्या मनातल्या विश्वासाचं असतं आणि तो विश्वास मालावरून तयार होतो, अर्जावरून नाही, अशी आपल्याकडची धारणा इंग्रजी अमदानीपासून चालत आली आहे. मुंबई उच्च न्यायालयाने ‘मोनार्क’ या खाद्यपदार्थांच्या नावावरून झालेल्या ‘कन्सॉलिडेटेड फूड्स विरुद्ध ब्रँडन’ या जुन्या खटल्यात हे तत्त्व स्पष्ट मांडलं: नाव आधी घेणं आणि वापरणं हे नोंदणी आधी करण्यापेक्षा वरचढ. तो निकाल आजही वकील दाखवतात. कलम ३४ मध्ये हेच कायद्याच्या भाषेत आहे. समोरच्याने नाव वापरायला सुरुवात केली ती तारीख आणि त्याच्या नोंदणीची तारीख, या दोन्हींच्या आधीपासून तुम्ही ते सलग वापरत असाल, तर त्याची नोंदणी तुम्हाला अडवू शकत नाही. त्यांचा वापर २०२१ चा, अर्ज या फेब्रुवारीचा, तुमचा वापर २०१७ चा. दोन्ही कसोट्यांत तुम्ही आधी आहात.

नुसता अर्ज धरून बसल्याने काय होतं याचं उत्तम उदाहरण सर्वोच्च न्यायालयाच्या २०१५ मधल्या एका निकालात आहे. निऑन लॅबोरेटरीज या मुंबईच्या औषध कंपनीने भूल देण्याच्या औषधासाठी ‘रोफोल’ हे नाव मागणारा अर्ज १९९२ मध्ये केला. नोंदणी मिळाली २००१ मध्ये, अर्थात १९९२ च्या तारखेने. औषध बाजारात आलं २००४ मध्ये. दरम्यान १९९८ पासून मेडिकल टेक्नॉलॉजीज ही दुसरी कंपनी ‘प्रोफोल’ नावाने तसंच औषध विकत होती. अर्जाच्या रांगेत निऑन सहा वर्षांनी पुढे, बाजारात सहा वर्षांनी मागे! अंतरिम मनाईचा प्रश्न होता आणि सर्वोच्च न्यायालयाने कौल दिला तो आधी बाजारात उतरलेल्याच्या बाजूने. बारा वर्षं नाव कपाटात ठेवून नंतर दुसऱ्याला हाकलता येत नाही, हा त्याचा अर्थ.

त्याच वर्षी तमिळनाडूतल्या तिरुनेलवेलीच्या ‘इरुट्टुकडै’ हलव्याचाही निकाल लागला. हे हलव्याचं दुकान १९०० पासूनचं. तिथे दोन्ही बाजूंकडे नोंदणी होती. नोंदणी असलेले दोघे एकमेकांवर नोंदणीच्या जोरावर दावा लावू शकत नाहीत, असं कायदाच म्हणतो. मग सोडवायचं कसं? आधी वापर कुणाचा, यावर.

पुण्याच्या वाचकाला हे सांगायचं तर कॅम्पातल्या बर्गर किंगची गोष्ट सांगायलाच हवी. कॅम्प आणि कोरेगाव पार्कात बर्गर खाल्लेल्या दोन पिढ्यांना हे नाव अमेरिकन वाटलंच नाही, इतकं ते आपलं होऊन गेलं होतं. एका इराणी दाम्पत्याने १९९२ च्या सुमारास ते सुरू केलं. अमेरिकेतल्या बर्गर किंग कंपनीचा इतिहास १९५४ पासूनचा, आणि तिच्याकडे नावाची भारतातली नोंदणीही होती. पण कंपनीचं भारतातलं पहिलं दुकान उघडलं ते नोव्हेंबर २०१४ मध्ये, दिल्लीत. त्याआधीच, २०११ मध्ये, कंपनीने पुण्याच्या जिल्हा न्यायालयात दावा लावला होता: हे नाव वापरणं थांबवा आणि वीस लाख रुपये नुकसानभरपाई द्या.

तो दावा तेरा वर्षं चालला. १६ जुलै २०२४ रोजी जिल्हा न्यायाधीश सुनील वेदपाठक यांनी तो फेटाळला. पुण्यातलं दुकान कंपनी भारतात येण्याच्या कितीतरी आधीपासून सुरू आहे, आणि त्यामुळे गिऱ्हाइकांची फसगत झाल्याचा पुरावा कंपनीने दिलेला नाही, असं त्या निकालाचं सार. शहरात आनंदाची लाट आली आणि ती योग्यच होती. पण गोष्ट तिथे संपली नाही. कंपनी मुंबई उच्च न्यायालयात गेली. ऑगस्टमध्ये आधी तात्पुरता, मग २ डिसेंबर २०२४ रोजी अपिलाचा निकाल लागेपर्यंतचा मनाई आदेश झाला. पुण्यातल्या दुकानाला स्वतःचं नाव वापरता येईना. मग दुकानदार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि ७ मार्च २०२५ रोजी त्या आदेशाला स्थगिती मिळाली. अपील मात्र उच्च न्यायालयातच चालायचं होतं.

ही गोष्ट मी धीर द्यायला सांगतो आणि सावध करायलाही. आधीचा वापर इतका भक्कम असतो की जगभर पसरलेल्या कंपनीसमोर पुण्यातलं एक दुकान उभं राहू शकतं. पण तो वापर कोर्टात सिद्ध करायला वर्षं जातात, आणि मधल्या काळात एक आदेश इकडचा, एक तिकडचा होत राहतो. कॅम्पातल्या दुकानाने सुरुवातीलाच, म्हणजे १९९२ मध्येच, नोंदणीचा प्रयत्न केला असता तर पुढचं सगळं टळलं असतं असंही म्हणता येत नाही, कारण कंपनी समोर होतीच. तुमच्या बाबतीत मात्र २०१७ मध्ये अर्ज केला असता तर आज हे पत्र लिहावं लागलं नसतं. हे दुखवायला लिहीत नाही. हे वाचणाऱ्या दुसऱ्या कुणा ताईंनी आज संध्याकाळीच अर्ज भरावा, एवढ्यासाठी लिहितो. एकट्या व्यक्तीला किंवा लघुउद्योगाला ऑनलाइन अर्जाची फी एका वर्गाला साडेचार हजार रुपये आहे. मसाले, मेतकूट आणि भाजणी हे सगळं तिसाव्या वर्गात बसतं. लोणची घालणार असाल तर ती एकोणतिसाव्यात जातात, तेवढं लक्षात ठेवा.

आता तुम्ही काय करायचं. तपासणीचा अहवाल मिळाल्यापासून एक महिन्यात उत्तर द्यावं लागतं. ही मुदत चुकवू नका. ती चुकली तर अर्ज सोडून दिला असं धरलं जाऊ शकतं आणि रांगेतली जागाही जाते. उत्तरात वापराचं प्रतिज्ञापत्र जोडा. तुम्ही अर्जात २०१७ पासूनचा वापर लिहिला असेल तर कागदपत्रांसह ते द्यायचंच असतं. मुलाने घाईत ‘पुढे वापरणार’ असा पर्याय निवडला असेल तर आधी तोच तपासून बघा. ही चूक फार होते, कारण त्या पर्यायाला कागद जोडावे लागत नाहीत, आणि नंतर तारीख मागे नेणं अवघड होऊन बसतं.

एवढ्याने आक्षेप निघेलच असं नाही. खरा उपाय नाशिकच्या अर्जाशी आहे. तो मंजूर झाला की ट्रेडमार्क जर्नलमध्ये छापला जाईल. जर्नल दर सोमवारी निघतं आणि वेबसाइटवर कुणालाही बघता येतं. छापल्यापासून चार महिन्यांच्या आत तुम्हाला विरोध नोंदवता येतो. त्याची ऑनलाइन फी एका वर्गाला दोन हजार सातशे रुपये. मग समोरच्याने दोन महिन्यांत उत्तर द्यायचं, दोन्ही बाजूंचे पुरावे, सुनावणी. दोन्ही रांगा एकमेकींना भेटतात त्या या ठिकाणी. इथे तुमचं २०१७ त्यांच्या २०२१ समोर ठेवलं जातं. तुमचा विरोध मान्य झाला तर त्यांचा अर्ज पडतो आणि तुमच्या वाटेतला अडथळा आपोआप जातो. ते चार महिने चुकले आणि त्यांची नोंदणी झाली, तरी ती रद्द करून घेण्याचा मार्ग असतो. पण तो लांबचा आणि खर्चाचा. माहीत असून पाच वर्षं सलग गप्प बसलात तर तोही जवळजवळ बंद होतो. म्हणून दर सोमवारी चहाच्या वेळी जर्नल चाळायची सवय लावून घ्या, किंवा मुलाला लावा.

नाशिकच्या लोकांनी तुमचं नाव चोरलं असं मनात धरू नका. कदाचित त्यांनीही प्रामाणिकपणे आपलंच नाव समजून लावलं असेल. अशा प्रामाणिक, समांतर वापरासाठी कलम १२ मध्ये दोघांनाही नोंदणी देण्याची सोय आहे, काही अटींसह. त्यांना एकदा फोन करून बघायलाही हरकत नाही. मात्र बोलण्याआधी वकिलाला दाखवा, आणि लिहून काहीही देऊ नका.

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून बघितले. त्यातला सर्वांत मोलाचा कागद तुम्ही सर्वांत शेवटी ठेवला आहे. शनिवार पेठेतल्या छापखान्याचं ऑगस्ट २०१७ चं बिल, पाचशे स्टिकर, त्यावर तुमचं नाव अक्षर न् अक्षर लिहिलेलं, खाली छापखान्याचा शिक्का. याला तोड नाही. हा कागद तुमच्या हातचा नाही, तिसऱ्या माणसाचा आहे, त्याला तारीख आहे आणि त्यात नेमकं तेच नाव आहे. त्याच्या शेजारी प्रदर्शनातल्या स्टॉलची पावती, अन्न परवाना आणि शॉप ॲक्टचा दाखला ठेवा. जावेच्या हातच्या वहीतले हिशेब खरे असले तरी एकटे पुरे पडत नाहीत. वर्ष-वर्ष सुटू नये असं बघा. मध्ये २०२० ला धंदा बंद होता असं लिहिलं आहे तुम्ही. त्या वर्षी घरपोच दिलेल्या ऑर्डरींचे बँकेतले व्यवहार असतील तर काढा, कारण ‘सलग’ या शब्दावर समोरचा वकील बोट ठेवेल.

तुमच्या नावाबद्दल एक शब्द. नाव मी छापत नाही, प्रकरण चालू आहे. पण ते ‘पुणेरी’ किंवा ‘घरगुती’ यांपैकी एखाद्या नुसत्या वर्णनावर उभं नाही, हे बरं आहे. गावाचं किंवा गुणाचं नाव एकट्याने बळकावता येत नाही. कार्यालय त्याला वेगळ्या कलमाखाली, कलम ९ खाली, हरकत घेतं. पुणेरी पगडीला २००९ मध्ये मिळालं ते भौगोलिक मानांकन. ते कुणा एका दुकानाचं नसतं.

प्रश्न : जास्त पैसे भरून अर्ज लवकर काढून घेतला तर आपला नंबर आधी लागतो का?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : नाही. जलद तपासणीची सोय आहे; एकट्या व्यक्तीला वर्गाला वीस हजार रुपये, कंपन्यांना चाळीस हजार. त्याने तपासणी लवकर होते, जर्नलमध्येही लवकर येतं. तारीख मात्र तीच राहते. आधीच्या तारखेचा साधा अर्ज तुमच्या जलद अर्जाला आडवा येतोच. घाई कुणाला तर मोठ्या ऑनलाइन बाजारांत विक्री सुरू करायची असल्याने प्रमाणपत्र लवकर हवं असणाऱ्याला. स्पर्धक आधी गेला म्हणून घाबरून हे पैसे भरू नका.

प्रश्न : दोघांनी एकाच दिवशी अर्ज केला तर? आणि परदेशी कंपनी आपल्या नंतर येऊनही पुढे जाऊ शकते असं ऐकलं, ते खरं का?
– एक वाचक, पिंपरी

उत्तर : कायद्याच्या व्याख्येत ‘आधीच्या तारखेचा’ अर्ज असं म्हटलं आहे. एकाच दिवशी सकाळी दहाला आणि दुपारी चारला आलेल्या अर्जांत तारखेने कुणी आधीचा ठरत नाही. मग पुन्हा वापराकडेच बघावं लागतं.

परदेशी कंपनीचं ऐकलं ते खरं आहे. पॅरिस कराराने बांधलेल्या देशात एखाद्याने पहिला अर्ज केला आणि त्यानंतर सहा महिन्यांच्या आत भारतात केला, तर इथे त्याला त्या पहिल्या अर्जाची तारीख मिळते. समजा जर्मनीत जानेवारीत अर्ज झाला, तुम्ही भोसरीहून मार्चमध्ये केलात आणि जर्मन कंपनी भारतात जूनमध्ये आली. कागदावर ती तुमच्या आधीची. म्हणून अर्ज करताना शोधलं आणि काही सापडलं नाही, याचा अर्थ पुढे काही येणारच नाही असा नाही. पण तिथेही तुमचा इथला आधीचा वापर कामी येतो. टोयोटाच्या ‘प्रियस’ गाडीचा निकाल २०१७ मध्ये लागला तो असाच. गाडी जपानमध्ये १९९७ ला आली होती, पण दिल्लीच्या सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीने २००१ ला ते नाव घेतलं तेव्हा भारतातल्या गिऱ्हाइकांना ‘प्रियस’ माहीत होतं, हे टोयोटाला दाखवता आलं नाही. जगातली कीर्ती इथे पोहोचली होती का, हे इथेच सिद्ध करावं लागतं. याच करारामुळे तुम्हालाही परदेशात तेच सहा महिने मिळतात, आणि २०१३ पासून माद्रिद कराराने एका अर्जातून अनेक देशांत जाता येतं. दुबईला किंवा अमेरिकेतल्या मराठी दुकानांत माल पाठवणाऱ्यांनी हे सहा महिने हातचे जाऊ देऊ नयेत.

सहकारनगरच्या ताईंना आणखी एक सांगायचं राहिलं. तुमच्या फोटोंतलं एक बिल जवळजवळ कोरं आहे. मशीनमधून निघालेलं, गुळगुळीत कागदाचं. कोपऱ्यात फक्त ‘२०१८’ एवढं पुसट उरलंय. तो कागद उष्णतेने छापलेला असतो आणि दोन-चार वर्षांत पांढरा पडतो. अशी जेवढी बिलं डब्यात असतील तेवढ्यांच्या आजच झेरॉक्स काढा, आणि मूळ बिलं प्लास्टिकच्या पिशवीत न ठेवता कागदी पाकिटात, अंधारात ठेवा. आणि शनिवार पेठेतल्या त्या छापखान्यात एकदा जाऊन या. छापखानेवाले बिलबुकाची कार्बन कॉपी वर्षानुवर्षं माळ्यावर ठेवतात. २०१७ चं बुक असेल तर तुमच्या पानाची प्रत त्यांच्या शिक्क्यासह मागून घ्या.